क्रेडिट कार्डाची थकबाकी हलतच नाही

प्रश्न: ८०,००० थकलेत. किमान रक्कम दर महिन्याला वेळेवर भरतोय, तरी आकडा तिथेच. चुकतंय कुठे?

उत्तर १: किमान रक्कम ५% धरली तर ४,०००. महिना ३.५% दराने व्याज २,८००, त्यावर १८% जीएसटी ५०४. म्हणजे मुद्दलात जेमतेम ७०० जातात! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. दूध-भाजीसुद्धा कार्डावर नको.

उत्तर २: बँकेकडून थकबाकीचे हप्ते पाडून घ्या, दर बराच उतरतो. प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हे आधीच विचारा. एफडी असेल तर सरळ मोडा. वर्षाला ७% मिळवायचे आणि ४२% (महिना ३.५% × १२) भरायचे, हा कुठला हिशोब?

उत्तर ३: ऑटो-पे पण बघा. बऱ्याचदा ते किमान रकमेवरच लावलेलं असतं.