मालवाहू जहाजावरचे आजोबा: आठवणी कशा विचाराव्यात, कशा जपाव्यात

ज्यांच्या घरात कुणी मालवाहू जहाजावर खलाशी होतं, त्यांनी इथे कामाचे बारकावे लिहावेत. ‘समुद्र खवळला होता’ यावर थांबू नका. हातात कुठलं अवजार होतं, काय चुकलं की काय व्हायचं, ते हवं आहे.

*

सुरुवात डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीपासून करा. प्रत्येक सफरीची एक नोंद असते: जहाजाचं नाव, नोंदणी क्रमांक, टनेज (जहाजाचं आकारमान), हुद्दा, कुठे चढले, कुठे उतरले. आधी क्रमांक उतरवून घ्या. जहाज विकलं गेलं की नाव बदलायचं, शिवाय एकाच नावाची अनेक जहाजं सापडतात. तारीख आठवत नसेल तर सुएझ कामी येतो. जून १९६७ ते जून १९७५ कालवा बंद होता. आशियातून युरोपला आफ्रिकेला वळसा घालून गेलो म्हणत असतील, तर बहुधा तीच वर्षं.

*

कंटेनर येण्याआधी खरं कसब डेरिकच्या, म्हणजे जहाजावरच्या माल उचलणाऱ्या लांब दांड्यांच्या, जोडीवर लागायचं. एक डेरिक होल्डच्या (जहाजाच्या पोटातल्या मालाच्या कोठाराच्या) तोंडावर, दुसरा धक्क्यावर, दोन्हींच्या वायर एकाच हुकात. पहिल्या विंचने (वायर गुंडाळणाऱ्या यंत्राने) माल उचलायचा, मग दुसऱ्याने ओढत न्यायचा आणि पहिल्याने तेवढीच वायर सोडत राहायची. माल जास्त वर घेतला की दोन वायरींमधला कोन उघडतो. १२० अंशांवर एकेका वायरीवर सबंध वजनाइतका ताण येतो, त्यापुढे तो झपाट्याने वाढतो आणि वायर तुटते. म्हणून माल कठड्यावरून जेमतेम सुटेल इतकाच उचलायचा. आजोबा विंचवर होते की होल्डच्या तोंडाशी उभे राहून खुणा करायचे, हे नक्की विचारा. खुणा करून दाखवायला सांगा आणि व्हिडिओ काढा. हात जे सांगतात ते तोंडाने सांगता येत नाही.

*

होल्डबद्दल भर. थंड प्रदेशातून उष्ण प्रदेशात जाताना व्हेंटिलेटर (होल्डमध्ये हवा सोडणारे झरोके) बंद ठेवायचे, नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरून थंड मालावरच पाणी धरतं. पोती भिजतात, डबे गंजतात. उलट प्रवासात ते उघडायचे, नाहीतर होल्डच्या छताला घाम सुटून खाली टपकतो. पोतं लोखंडाला टेकू नये म्हणून खाली आणि कडेला लाकडी फळ्या.

*

इंजिन खोलीत ४ तास पाळी, ८ तास सुट्टी. आजोबा तेलवाले (यंत्रांना तेल घालणारे) असतील तर पाळी कुठली, १२ ते ४, ४ ते ८ की ८ ते १२, ते विचारा. झोप, जेवण, सोबतचे लोक, सगळं त्यावरून उलगडत जातं.

*

कागदांबद्दल कळकळीची विनंती: डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका, तो थर पुन्हा निघत नाही. शिक्क्यांची शाई पाण्याने फुटते, म्हणून ओलं फडकंही नको. कोऱ्या पानांसकट सगळं स्कॅन करा, फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.