पहिली-दुसरीच्या इंग्रजीत कृतिगीतांचा अतिरेक होतो आहे का?

धागाकर्ती:
महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून असलेले इंग्रजी २००० साली पहिलीपासून आले, आणि तेव्हापासून कृतिगीत हा या तासिकेचा कणाच झाला आहे. वर्ग दणाणतो, भेटीला आलेले साहेब खूश होतात. पण 'स्टँड अप' ऐकून उठणारे मूल शब्द कळला म्हणून उठते की शेजारचा उठला म्हणून, हे कोणीच पाहत नाही. मी एकदा तोंडाने 'सिट डाउन' म्हणत हाताने उठण्याची खूण केली, तर माझ्या वर्गातील बत्तीसपैकी चारच मुले बसली. गाणी निम्मी करावीत आणि प्रत्येक मुलाला एकट्याने बोलावे लागेल अशा कृती घ्याव्यात, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
असहमत. ऐकलेल्या सूचनेला शरीराने प्रतिसाद देत भाषा शिकण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडली, तिचा आधारच हा आहे की बोलण्याआधी भरपूर ऐकणे व्हावे. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्दही कानावर पडत नाही, तिथल्या सहा वर्षांच्या मुलाला सर्वांसमोर एकटे उभे करून बोलायला लावले, तर ते बोलणार नाही, शाळेलाच घाबरेल. शिवाय आपण केलेली फसवी सूचना हीदेखील कृतीच आहे. ती रोज घ्या, गाणी कशाला कापता?

प्रतिसाद २:
दोघांनीही वाचन बाजूला ठेवले आहे. देवनागरीत अक्षर कळले की उच्चार बहुतांशी हाती येतो, त्यामुळे बाराखडी पाठ झालेले मूल इंग्रजीकडूनही तीच अपेक्षा ठेवते आणि 'बट' व 'पुट' यांच्या स्पेलिंगमध्ये मधले अक्षर एकच असूनही उच्चार वेगळा का, याच्याशी अडखळते. तिसरीत सगळी गाणी तोंडपाठ असलेली, पण तीन अक्षरी शब्द न वाचता येणारी मुले मी दरवर्षी पाहतो. अक्षरांच्या ध्वनींना रोज दहा मिनिटे द्या, गाणी उरलेल्या वेळात.

धागाकर्ती:
ध्वनींचा मुद्दा मान्य, भीतीचा नाही. सर्वांसमोर उभे करा असे मी म्हटलेलेच नाही. मी बाजार भरवते: निम्म्या मुलांकडे भाज्यांची चित्रकार्डे, उरलेल्यांकडे चित्रांची यादी, आणि मागितल्याशिवाय कार्ड मिळत नाही. सगळे एकाच वेळी बोलत असल्याने कोणाचे चुकले हे कोणाला ऐकूही येत नाही. 'गिव्ह मी टू वांगी' असे कोणी म्हटले तर मी ते चालवून घेते, कारण मागणी तर इंग्रजीत झाली. (वांग्याला इंग्रजीत काय म्हणतात हे मग तेच मूल विचारायला येते.)

प्रतिसाद ३:
बाजार उत्तम आहे, पण तो एका इयत्तेसाठी वेगळा शिक्षक असलेल्या शाळेतला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक धरले जातात. त्यामुळे माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात, आणि एका इयत्तेचा बाजार भरला की दुसरीचे गणित बुडते. गाण्यात मात्र दोन्ही इयत्ता एकत्र घेता येतात, म्हणून ते टिकून आहे.

धागाकर्ती:
मग दुसरीला दुकानदार करा आणि पहिलीला गिऱ्हाईक. किमती लावल्या तर दुसरीची बेरीजही तिथेच होईल.