गुडघा गेला म्हणून पोट्टा संपला काहून?
भाऊ, आपल्या फुटबॉल टीमच्या स्टॉपरबद्दल (गोलसमोरच्या बचावपटूबद्दल) 'दोन-तीन मॅचचा हिरो होता, गुडघा गेला, आता दुसरा स्टॉपर पाहा' हे तुमचं म्हणणं नाही पटलं. पहिल्याच सीझनला त्यानं कामठीच्या फॉरवर्डांसमोर काय केलं ते आठवा. पोट्टा टॅकल (पाय घालून बॉल हिसकावणं) कमी करतो, कारण बॉल कुठं येणार ते त्याला आधीच दिसते. ही नजर ऑपरेशननं जात नाही. वेग जाऊ शकते, पण तो तसाही फार पळणारा नव्हताच. हेडिंगमध्ये, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्यात, कच्चा आहे, ते मान्य.

भारताचा बचावपटू संदेश झिंगनचं पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटलं, अख्खा सीझन गेला. अन् २०२०-२१ चा एआयएफएफचा (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा) सर्वोत्तम खेळाडू तोच! अर्थात त्याच्यामागं क्लबचे फिजिओ होते. आपल्याकडे ऑपरेशन झालं की पोट्टा घरी, अन् चालता आलं की कापूस वेचायला. खरी भीती ही आहे. ९ महिन्यांच्या आत मैदानात उतरलं तर पुन्हा फाटायचा धोका फार, त्यातही विशीच्या आतल्या पोरांना. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाएवढी आली का, ते तपासल्याशिवाय पोळ्याच्या टूर्नामेंटमध्ये त्याला उतरवू नका. वर्गणी काढायचीच तर नव्या जर्सीऐवजी फिजिओसाठी काढा, नागपूरला जाण्या-येण्याचं भाडं मी देतो.