सर्व्हिस हिस्टरी अर्धवट, म्हणजे गाडी भंगार?

घाटरस्ता : काल 'आकडेमोड' यांनी फतवा काढला की पूर्ण सर्व्हिस हिस्टरी नसेल तर सेकंड हँड गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. खाली +१ ची रांग. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, वॉरंटी संपल्यावर किती जण शोरूमला जातात? माणूस ओळखीच्या मिस्त्रीकडे जातो, तो चिठ्ठीवर 'ऑइल, फिल्टर, मजुरी' खरडून देतो आणि ती चिठ्ठी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. गाडी ठणठणीत असते. तुमचा नियम लावला तर निम्मा महाराष्ट्र एसटीने फिरेल.

मी बघतोय ती २०१६ ची रेनॉ डस्टर, ८५ हॉर्सपॉवरवाली डिझेल, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग, पहिलाच मालक, मीटर ७८ हजार. शोरूमच्या नोंदी २०२० च्या सुरुवातीपर्यंत, पुढे सगळं 'आमच्या मिस्त्रीकडे'. जोतिबाला चढवून आणली, कुठे कुरकुर नाही. ही सोडू? का?

आकडेमोड : जोतिबा प्रसन्न झाला, छान. आता मुद्द्याचं. त्या दीड लिटर डिझेलला पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवायला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. तुटायच्या आदल्या दिवशीपर्यंत गाडी झकास पळते. तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि हेड उघडावं लागतं. शिवाय बेल्ट नुसता किलोमीटरवर नाही, वयावरही बदलायचा असतो. मालकाकडे बेल्ट आणि तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बिल आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.

घाटरस्ता : मालक म्हणतो बदललाय.

आकडेमोड : मालक तर म्हणणारच!

गॅरेजची_गादी : दोघेही जरा दम खा. वडिलांचं गॅरेज आता मी बघतो. बेल्ट टाकला की आम्ही कव्हरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहितो, बरेच मिस्त्री लिहितात. लिहिलेलं नसेल तर बदललाच नाही असं धरा आणि वॉटर पंपासकट पूर्ण किटचा खर्च किमतीतून वळता करा. पंपही त्याच बेल्टवर फिरतो, एकदा उघडल्यावर तो जुना ठेवण्यात अर्थ नाही. यात गाडी भंगार कुठे झाली?

आणि ऑइल काळं दिसलं म्हणून नाक मुरडू नका, डिझेलचं ऑइल टाकल्या टाकल्या काळं पडतं. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा, ऑइलचं झाकण सैल करा. आतून धूर फुसफुसत झाकण उडवायला लागला तर नमस्कार करून निघा. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष कळतं. मीटर ३० हजार सांगतंय आणि चारही टायर गाडीपेक्षा चार वर्षांनी लहान, तर मीटर मागे गेलंय का ते विचारा.

पौड_रोड : शोरूमच्या कागदाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. सर्व्हिसला देण्याआधी मी एअर फिल्टरच्या कडेला स्केचपेनने बारीक हिरवं टिंब काढलं होतं. गाडी परत आली. बिलात नवीन एअर फिल्टर, डबा उघडला तर आत माझं हिरवं टिंब. वर एसी डिसइन्फेक्शन, डीकार्ब आणि उंदीर प्रतिबंधक फवारा. गाडी तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती! उद्या ती विकली की यांच्या कॉम्प्युटरवर 'फुल हिस्टरी' दिसेल. घ्या, आकडेमोड, तुम्हालाच देतो.

सासवडकरीण : +१००. आमच्याकडे ब्रेक पॅड 'संपलेत' म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो आला. फोटोतलं चाक आमचं नव्हतंच, अलॉय होतं. आमच्या गाडीला साधी व्हील कॅप.

जॉबकार्ड : मी अशाच एका वर्कशॉपमध्ये ॲडव्हायझर आहे. शिव्या घाला, सवय आहे. टार्गेट असतं, ॲड-ऑन विकावे लागतात, हे खरं. पण एस्टिमेटवर सही तुम्ही करता. न वाचता करता, फोनवर बोलत करता. फिल्टर न बदलता बिल लावणं ही चोरी, तिचं समर्थन नाही. म्हणून सगळं वर्कशॉप चोर?

पौड_रोड : 'इथे सही करा साहेब' म्हणून बोट कोण ठेवतं हो?

जॉबकार्ड : आणि 'बिल निम्म्याचं करा, मॅनेजरला ओळखतो' असं कोण म्हणतं हो? ओळखीच्या मिस्त्रीकडे जाता, तो सुटं ऑइल ओततो, ते चालतं. तिथे टिंब काढता का?

गॅरेजची_गादी : सुटं ऑइल? शब्द मागे घ्या. आमच्याकडे डबा गिऱ्हाइकासमोर फोडतो.

जॉबकार्ड : तुमच्याबद्दल बोललो नाही. टोपी बसली तर माझा नाइलाज.

इंधनदाह : मुळात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घातल्यापासून कुठल्याच जुन्या गाडीत राम उरलेला नाही. आधी त्यावर बोला.

सासवडकरीण : डिझेल गाडी आहे हो! प्रत्येक धाग्यावर तेच.

वशिष्ठीकाठ : एअर फिल्टरवरून युद्ध पेटलंय, आणि डस्टरची चौकशी राहिली बाजूला. नोंदींत भगदाड आहे यापेक्षा ते कधी पडलं ते बघा. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला आमच्या आळीत गाड्या डॅशबोर्डपर्यंत पाण्यात होत्या. शेजाऱ्यांची विम्याने टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्तीपलीकडची म्हणून काढली, अशा गाड्या उचलणारा सॅल्व्हेजवाला ट्रकवर टाकून घेऊन गेला. पुढे तीच गाडी घाटावर विकायला लागलेली भाच्याने फोनवर दाखवली, मागच्या काचेवर आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचा स्टिकर तसाच. जाहिरातीत 'शोरूम मेंटेन्ड'. खोटं नव्हतंच, पुरापर्यंतच्या सगळ्या नोंदी होत्या ना!

कोल्हापूर पासिंग आहे, तिथेही त्याच महिन्यात पंचगंगा घुसली होती. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या हातभर पट्टीवर मातीची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. स्टेपनीखाली हात घाला.

घाटरस्ता : भगदाड २०२० चं आहे, पूर २०२१ चा. लॉकडाऊनमध्ये कोणाची सर्व्हिस झाली होती? आणि विम्याच्या पॉलिसीवर ५० टक्के एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस आहे, म्हणजे सलग पाच वर्षं क्लेम नाही. आता बोला.

आकडेमोड : बोलतो. एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकून त्यावरचा बोनस याने डस्टरवर आणला असेल तर? क्लेम घेऊनही बोनस टिकवणारं एनसीबी प्रोटेक्टचं कव्हर असेल तर? २०२० पासूनच्या सगळ्या पॉलिसी एकापुढे एक मांडून वाचा. म्हणजे पुन्हा कागदच, नाही का?

घाटरस्ता : बरं बाबा, कागदाचा विजय असो. बेल्टचं बिल मागितलं, मालकाला मिस्त्रीचं नावसुद्धा आठवेना. किटचे पैसे कापून ऑफर दिली तर म्हणाला दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. रविवारी मिस्त्री घेऊन जातोय, बेल्टचं कव्हर उघडू दिलं तर व्यवहार, नाही तर नाही. पण तुमचं 'फुकट मिळाली तरी नको' हे अजूनही काहीच्या काही आहे.

आकडेमोड : फुकट मिळाली तर मला कळवा. सीट बेल्ट ओढून मग ठरवू.

पौड_रोड : जॉबकार्ड, उंदीर प्रतिबंधक फवाऱ्याचं उत्तर राहिलंय.