मदत हवी आहे: अंतराळ कायद्यात पूर्णवेळ उतरावं का? आणि कक्षेतला उपग्रह विकला तर जबाबदारी कोणाची?

अभ्रिका

नमस्कार मंडळी,

मी व्यावसायिक करार आणि विमा या क्षेत्रात वकिली करते. अलीकडे छोटे उपग्रह बनवणाऱ्या एका कंपनीची कागदपत्रं माझ्याकडे येऊ लागली आणि या विषयाने मला पुरतं झपाटलंय. १९६७ चा बाह्य अवकाश करार जेमतेम १७ कलमांचा आहे, पण एकेका वाक्यावर तासन्‌तास विचार करावा लागतो.

आधी हातातली अडचण सांगते. कंपनी 'क' देशातली आहे आणि उपग्रह 'ख' देशाच्या तळावरून सोडला गेलाय. आता तो कक्षेत असतानाच 'ग' देशातल्या कंपनीला विकायचा आहे. मसुद्यात एक ओळ आहे: 'हस्तांतरणाच्या तारखेपासून उपग्रहामुळे उद्भवणारी सर्व जबाबदारी खरेदीदाराची राहील.' वाचायला चोख वाटतं. पण १९७२ च्या दायित्व करारात (अवकाशयानांमुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा आंतरराष्ट्रीय करार) 'प्रक्षेपक राष्ट्र' म्हणजे जे प्रक्षेपण करतं, करवून घेतं, किंवा ज्याच्या भूमीवरून अथवा तळावरून प्रक्षेपण होतं ते. 'ग' यात कुठेच बसत नाही. मग उद्या काही आदळलं तर भरपाई कोणाकडे मागायची? आणि ही ओळ कितपत टिकेल?

दुसरा प्रश्न माझ्या स्वतःच्या वाटचालीचा. यात एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करावी असं फार मनात आहे. कॅनडातल्या मॅक्गिल विद्यापीठात हवाई (आता अंतराळही) कायद्याची संस्था १९५१ पासून आहे, नेदरलँड्समधल्या लायडनलाही चांगला अभ्यासक्रम आहे. पण आमचे एक ज्येष्ठ म्हणतात, "हा काही स्वतंत्र विषय नव्हे, आंतरराष्ट्रीय कायद्यातलं एक प्रकरण आहे." मला हे पटत नाही, पण ठोस उत्तरही देता येत नाही. या क्षेत्रात काम करणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.

ध्रुवपद

मी उपग्रहांच्या परवान्यांचं काम पाहतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर लिहितो.

तुमची शंका रास्त आहे. प्रक्षेपक राष्ट्र हा शिक्का एकदा बसला की पुसता येत नाही. मालक बदलो, कंपनीचं दिवाळं निघो, 'ख' कायम अडकलेला राहतो. 'क' बद्दल थोडा वाद आहे, कारण खासगी कंपनीने प्रक्षेपण विकत घेतलं म्हणजे तिच्या राष्ट्राने ते करवून घेतलं का, यावर देशांचं एकमत नाही. 'ग' ची स्थिती नेदरलँड्सच्या उदाहरणावरून कळेल. इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह-दूरसंचार संस्थेचे कक्षेतले काही उपग्रह न्यू स्काय सॅटेलाइट्स या डच कंपनीकडे गेले, तेव्हा नेदरलँड्सची भूमिका अशी होती की आम्ही प्रक्षेपक राष्ट्र नाही, पण बाह्य अवकाश कराराच्या कलम ६ खालची, म्हणजे आपल्या खासगी कंपन्यांना परवानगी देण्याची आणि त्यांच्यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी आमची आहे.

तेव्हा तुमची ती ओळ दोन कंपन्यांमध्ये चालेल. म्हणजे राष्ट्राने विक्रेत्याकडून वसुली केली, तर विक्रेता ती खरेदीदाराकडून मागू शकेल. पण नुकसान झालेल्या तिसऱ्या देशाला तिच्याशी काही देणंघेणं नाही. तो थेट प्रक्षेपक राष्ट्राच्या दारात जाणार. म्हणूनच 'क' देशाने दिलेला मूळ परवाना काढून हस्तांतरणाच्या अटी आधी वाचा. अनेक देशांत पूर्वपरवानगी लागते आणि ती मिळण्याआधी विक्री पूर्ण करणं धोक्याचं आहे.

विम्याच्या बाजूने एक फरक पक्का लक्षात ठेवा. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला झालेल्या नुकसानीत चूक सिद्ध करावी लागत नाही, अवकाशात मात्र करावी लागते. १९७८ साली अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ उत्तर कॅनडात कोसळला. कॅनडाने ६० लाखांहून जास्त कॅनेडियन डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. उलट फेब्रुवारी २००९ मध्ये चालू अमेरिकी उपग्रह इरिडियम ३३ आणि निकामी रशियन उपग्रह कॉसमॉस २२५१ यांची टक्कर झाली, ढिगाने तुकडे उडाले, तरी दायित्व कराराखाली दावा कुणीच लावला नाही. कक्षेत चूक कोणाची हे ठरवायला सर्वमान्य वाहतुकीचे नियमच नाहीत. हे मला फार गंभीर वाटतं, कारण उपग्रह वाढतच चाललेत.

पानगळ

तुमच्या ज्येष्ठांना कलम ६ दाखवा. खासगी संस्थेच्या अवकाशातल्या कामाला राष्ट्राची परवानगी आणि सततची देखरेख हवी, असं ते सांगतं. परवाने, अर्ज, विम्याच्या अटी, दंड हे सगळं तिथून जन्माला आलं. व्लादिमिर मांडल या चेक वकिलाने १९३२ मध्येच अंतराळ कायद्यावर पुस्तक लिहिलं होतं, पण स्पुटनिक या पहिल्या उपग्रहानंतरची पहिली काही दशकं हे काम मुख्यतः मुत्सद्द्यांचं होतं. अंतराळाविषयीचे पाचही मोठे आंतरराष्ट्रीय करार १९६७ ते १९७९ मध्ये झाले. पुढची हालचाल देशोदेशींच्या कायद्यांत दिसते. अवकाशातल्या खनिजांवरच्या हक्कासाठी अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कायदा केला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने डिश या उपग्रह-टीव्ही कंपनीला दीड लाख डॉलर दंड ठोठावला. निवृत्त उपग्रह भूस्थिर कक्षेच्या (जिथे उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो) ३०० किलोमीटर वर न्यायचं कबूल होतं, इंधन कमी पडल्याने तो १२२ किलोमीटरवरच थांबला. अशा फायलीवर बसणाऱ्या वकिलाचं नुसता आंतरराष्ट्रीय कायदा शिकून भागत नाही. त्याला परवान्याची अट, इंधनाचा हिशेब आणि दंडाची प्रक्रिया एकत्र वाचता यावी लागते. हीच स्वतंत्र शाखा.

पण फक्त पदवीवर विसंबू नका. निव्वळ अंतराळ कायद्यावर चालणाऱ्या जागा अजून थोड्या आहेत. करार आणि विमा तुमच्याकडे आहेच, तो सोडू नका. त्याला रेडिओ फ्रिक्वेन्सीची नोंदणी आणि निर्यात नियंत्रण जोडा. उपग्रहाचा एखादा सुटा भाग सीमेपलीकडे पाठवायचा झाला तरी निर्यातीचा परवाना आडवा येतो, आणि तिथे जाणकार माणसं कमी पडतात. एलएलएम त्यानंतर केलंत तर वर्गात स्वतःचे प्रश्न घेऊन बसाल.

अभ्रिका

दोघांचेही मनापासून आभार. मूळ परवाना आजच मागवला. हस्तांतरणासाठी संबंधित खात्याची लेखी परवानगी ही विक्रीची पूर्वअट करते, आणि विमा खंडित होऊ नये म्हणून खरेदीदाराची पॉलिसी आधी हातात घेते. ध्रुवपद, एक राहिलंच: 'ख' कडे प्रक्षेपणाच्या वेळी विक्रेत्याने हमीपत्र दिलंय. विक्रीनंतर ते खरेदीदाराच्या नावावर करून मिळतं का, की विक्रेत्याच्याच गळ्यात राहतं? तुम्ही असं प्रकरण हाताळलं असेल तर सांगा, तोवर मी मसुदा पुढे पाठवत नाही.