पैसे मोजले की कॅलरी?

धागाकर्ती

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत एकाच खणात दोन वस्तू सापडल्या. वजन कमी करण्याच्या एका तीन महिन्यांच्या कार्यक्रमाची २२ हजारांची पावती, आणि रोजचं खाणं लिहून ठेवलेली दोनशे पानी वही. पावतीवाल्या तीन महिन्यांत ७ किलो उतरले, पुढच्या आठ महिन्यांत ५ परत आले. वही आणि एक फुकट अ‍ॅप यांच्या जोरावर दीड वर्षात ११ उतरले, त्यातले ३ पुन्हा चढलेत. जिंकलं कोण, हे मलाच धड सांगता येत नाही. म्हणून हा धागा.

माझं आधी सांगते. २०१९, उंची ५ फूट २, वजन ७८. डॉक्टर म्हणाल्या, आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात, तू ते परदेशी तक्ते बघू नकोस. माझा ३१ च्या वर. घाबरून दुसऱ्याच दिवशी पैसे भरून आले.

पैशात काय मिळालं? दर शनिवारी वजनकाटा, एक छापील तक्ता, आणि तक्ता देणारी एक मुलगी, जी काट्याकडे बघून "या आठवड्यात कुणाचं लग्न होतं का?" असं अचूक ओळखायची. तक्ता चुकीचा नव्हता. पण शनिवारच्या धाकाने मी शुक्रवारी रात्री नुसतं ताक प्यायचे. शनिवार संपले, तसं ताकही संपलं.

अ‍ॅप घेतलं २०२१ मध्ये. तिथे गोची वाटीची. आमच्या घरात आमटीची वाटी १२० मिलिलिटरची, खिरीची २०० ची, आणि अ‍ॅपला दोन्ही सारख्याच. पण डोळे उघडले ते तेलाच्या कॅनने. एकदा कॅन फोडला त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख टाकली. ५ लिटर तेल, ४ माणसं, बरोबर ३० दिवस. ५ लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. करा भागाकार. माणशी रोज सुमारे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या! आणि मी बापडी नोंदवत होते, "भेंडीची भाजी, १ वाटी, ९०". २२ हजारांच्या तक्त्यात याबद्दल दोनच शब्द होते: "तेल कमी". किती कमी, कशाहून कमी, ते ना तिने सांगितलं, ना मी विचारलं.

तुम्हीही लिहा. किती पैसे, किती दिवस, आणि बंद केल्यावर काय झालं. पहिल्या दोन गोष्टी सगळेच सांगतात. मला तिसरी ऐकायची आहे.

ठाणेकर

बँकेत आहे, वय ४६. एका अ‍ॅपचा सहा महिन्यांचा कोचवाला प्लॅन घेतला होता, सगळे मिळून १४ हजार. ९ किलो उतरले.

फुकटची आवृत्ती मी त्याआधी तीनदा टाकली आणि तीनदा काढली. दोन्हीकडे कॅलरी त्याच, ताट तेच. पैसे भरल्यावर फरक एवढाच पडला की सकाळी साडेसातला कुणीतरी विचारायचं, "सर, काल डबा नेला का?" मी १४ हजार त्या प्रश्नाचे दिले, असं आज वाटतं. बायको हाच प्रश्न वीस वर्षं फुकट विचारते आहे, पण तिला "हो" म्हणून सुटता येतं. कोचला फोटो पाठवावा लागायचा.

तक्रारही आहे. सहा महिन्यांत तीन कोच बदलले. दुसरी मुलगी दिल्लीकडची असावी. तिच्या तक्त्यात रोज चिला नाहीतर पनीर भुर्जी. भाकरी म्हटलं तर "कौनसी रोटी?" पिठल्याचा फोटो पाठवला तेव्हा "कढी थोड़ी गाढ़ी है, पर ठीक है" असं उत्तर आलं. मी वाद घातला नाही.

बंद केल्यावर? वर्षभरात ४ परत. साडेसातला आता कुणी विचारत नाही.

वऱ्हाडी

बाप्पा, १४ हजार! आमचं सगळं फुकटात झालं. मी अमरावतीकडे शाळेत शिकवतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत: दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत आटपायचं, मधे काही नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर त्यांनी हे उभं केलं, म्हणून आमच्या विदर्भात त्याचा जरा जास्तच अभिमान. सुरू करायच्या आधी उपाशीपोटी इन्शुलिन आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या म्हणतात, तेवढा लॅबचा खर्च झाला. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप फुकट. ९२ चा ८१ झालो, दहा महिन्यांत.

कॅलरी एकही मोजली नाही. मोजायचं काय, तर भूक खरी की सवयीची, एवढंच. अवघड गेलं ते स्टाफरूममध्ये. अकराचा चहा नाकारला की माणूस शिष्ट ठरतो. पहिले पंधरा दिवस लोकांनी "काहून गा, उपास हाये का?" विचारलं, मग माझा कप मोजणं सोडून दिलं.

२०१८ च्या सुमारास घराघरात दीक्षित की दिवेकर हे भांडण चाललं होतं ते आठवतं का? आमच्या घरात मी दोनदा जेवणारा, आणि बायको आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांची, म्हणजे तूप सोडायचं नाही, थोडं थोडं खात राहायचं, आपल्या मातीतलं खायचं. तिचं वजनही ५ किलोने उतरलं. एकाच ओट्यावर दोन्ही पंथ सुखाने नांदले. वडील मधुमेहाच्या गोळ्या घेतात, त्यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू दिलं नाही. गोळी तीच आणि जेवण कमी, तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

कोल्हापुरी

थोडक्यात लिहितो, कारण लाज वाटते. सकाळी सहाला एका खोलीत जमायचं, टाळ्या वाजवायच्या, शेक प्यायचा. महिन्याला साडेसहा हजार. तिसऱ्या महिन्यात ६ किलो उतरले, आणि चौथ्यात "आता तुम्ही चार माणसं आणा" सुरू झालं. कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा सोडला आणि व्हॅनिला शेक प्यायलो, याहून मोठी शिक्षा नाही. माणसं आणली नाहीत. शेक थांबला. ८ किलो आले.

लेस्टरची सून

इंग्लंडमध्ये अकरा वर्षं. इथे तिसराच प्रकार आहे: पैसेवाला कार्यक्रम फुकटात मिळतो! बऱ्याच भागांत जीपी (आपले फॅमिली डॉक्टर) किंवा कौन्सिल (इथली नगरपालिका) अशा एखाद्या गटाची १२ आठवड्यांची व्हाउचर देते. मला बाळंतपणानंतर साखर काठावर आली म्हणून मिळाली.

दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये रांग. बायका बूट, जॅकेट, बेल्ट, एकीने तर घड्याळसुद्धा काढून काट्यावर चढायची. मग गोल करून बसायचं आणि आठवडा कसा गेला ते सांगायचं. ही कल्पना मूळची अमेरिकेतली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारी जीन नायडेच मैत्रिणींना घरी जमवून आपल्या खाण्याच्या चोऱ्या कबूल करायची, त्यातून १९६३ मध्ये वेट वॉचर्स उभी राहिली. आपल्याकडच्या भिशीला कुणी वजनकाटा जोडला असता, तर हा मान मराठी बायकांना मिळाला असता. तीच कंपनी २०२५ च्या मे महिन्यात दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी कोर्टात गेली, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. वजन उतरवणारी इंजेक्शनं आल्यावर हॉलमध्ये गोल करून कोण बसणार?

गटात माझं थालीपीठ कुठे बसवायचं ते कुणाला कळेना. पॅनकेक ठरलं. पण त्या बायकांनी मला जे सांभाळलं, ते कुठल्या अ‍ॅपने सांभाळलं नसतं. १२ आठवड्यांत साडेपाच किलो. पुढे दर आठवड्याला पैसे भरायचे होते, ते नवऱ्याला जड वाटले आणि मलाही. मग एनएचएसचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, १२ आठवड्यांचं फुकट अ‍ॅप घेतलं. इथे सगळं पाकिटात येत असल्यामुळे पाकिटावरचे आकडे बघून मोजणं सोपं. पण आठवड्याला एकदा देशी दुकानातून गवार आणते, आणि गवारीला बारकोड नसतो. तो दिवस नोंदवायचा राहतो, मग पुढचा, मग रविवारपर्यंत सगळेच.

नाशिकची आहारतज्ज्ञ

माझं पोट या धंद्यावर चालतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पैशाच्या बाजूने बोलले तर तुम्हाला कळेल का ते.

लेस्टरच्या ताईंच्या १२ आठवड्यांचीच चाचणी ब्रिटनमध्ये झाली होती, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. १,२६७ माणसं. काहींना नुसता सल्ला आणि पुस्तिका, काहींना वेट वॉचर्सचे १२ आठवडे, काहींना पूर्ण ५२. वर्षअखेरीस सरासरी घट ३.२६, ४.७५ आणि ६.७६ किलो. दोन वर्षांनी तिन्ही आकडे खाली आले, पण क्रम तोच राहिला. दुसरीकडे २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या दवाखान्यांतल्या २१२ जणांवरचा अभ्यास आला होता. निम्म्यांच्या हातात मायफिटनेसपल हे कॅलरी मोजायचं अ‍ॅप दिलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि बहुतेकांनी पहिल्या महिन्यानंतर ते उघडणं जवळजवळ सोडलं होतं. अ‍ॅप खोटं होतं असा याचा अर्थ मी काढत नाही. न उघडलेली वही कशी उपयोगी पडणार?

तरी माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांपैकी निदान चौघांना मी फी घेऊन परत अ‍ॅपकडेच पाठवते, फक्त नोंद कशी करायची ते शिकवून. सगळ्यात जास्त चुका भातात. कच्च्या तांदळाचे १०० ग्रॅम म्हणजे साधारण ३५० कॅलरी. शिजल्यावर पाणी पिऊन तोच भात अडीच-तीन पट वजनाचा होतो, म्हणजे शिजलेल्या १०० ग्रॅमला १३० च्या आसपास. एक गृहस्थ ताटातला भात वजन करून "तांदूळ" म्हणून नोंदवत होते. बिचारे दोन महिने अर्धपोटी राहिले आणि वर मलाच म्हणाले, "मॅडम, मी तर जास्त खातोय, तरी उतरतंय." उलटी चूक करणारेही आहेत, ते मात्र इतके आनंदी नसतात.

दुसरी गोष्ट. बऱ्याच फुकट अ‍ॅपमधल्या नोंदी तुमच्या-माझ्यासारख्यांनीच भरलेल्या असतात. आपल्या धान्य-भाज्यांचे भरवशाचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये दिले, ५२८ पदार्थांचे. पण ते बहुतेक कच्च्या मालाचे आहेत. तुमच्या साबुदाणा खिचडीत दाण्याचं कूट किती, हे हैदराबादला कसं कळावं? ते आपलं आपण वाटीने मोजायचं.

गोंयकार

फुकट अ‍ॅपवर "फिश करी" शोधलं. चौदा नोंदी, ९० पासून ४२० पर्यंत. मी कुठली निवडली असेल?

वर्षभर ९० वाली निवडली. आमच्या हुमणात अर्धा नारळ पडतो.

दादरहून

मी २६ वर्षांची. थोडं वेगळं लिहिते, चालेल ना?

मला फुकट अ‍ॅपनेच जास्त त्रास झाला, कारण मी ते फार नीट वापरलं. आधी वजन, मग कोथिंबीर. खरंच, वरून भुरभुरलेली कोथिंबीर नोंदवायचे. अ‍ॅपने आकडा हिरवा दाखवला की दिवस चांगला, लाल दाखवला की मी वाईट मुलगी. आजीने वाढदिवसाला पुरणपोळी केली, तर मी पुरणाचा अंदाज येईना म्हणून रडले. आजीला वाटलं पोळी बिघडली. पाळी थांबली तेव्हा आई मला ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेली.

पुढचं सगळं पैसे मोजूनच झालं, आधी मानसोपचार, मग आहारतज्ज्ञ. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्यासमोर ते अ‍ॅप काढायला लावलं. घरातला काटा आईने माळ्यावर टाकला, तो अजून तिथेच आहे. इथे कुणाच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, जेवण टाळणारं किंवा आकड्यांवरून रडणारं, तर त्याला "किती उतरले?" विचारू नका. डॉक्टरकडे न्या.

धागाकर्ती

दादरहून, बरं केलंस लिहिलंस. आजीला खरं कारण सांगितलंस का पुढे?

दादरहून

हो. आता ती मला न विचारता वाढते, आणि मी न विचारता खाते.

ठाणेकर

नाशिकच्या मॅडम, एक व्यावहारिक शंका. भाजी चौघांची एकत्र होते. माझ्या वाट्याला किती आली, हे रोज कसं काढायचं? कोचला विचारलं होतं, तिने "अंदाजे लिहा" सांगितलं.

नाशिकची आहारतज्ज्ञ

कढईचं रिकामं वजन एकदाच करून ठेवा. भाजी झाली की कढईसकट काट्यावर ठेवा, रिकामं वजन वजा करा, ती झाली एकूण भाजी. तेल, दाणे, खोबरं टाकताना चमच्याने मोजा, बाकीच्या पालेभाजीकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल. तुमच्या ताटात एक चतुर्थांश भाजी आली, तर तेलाचाही एक चतुर्थांश तुमचा. पंधरा दिवस करा, मग डोळ्यालाच कळायला लागतं.

धागाकर्ती

हे मी करून पाहिलंय. आमची लोखंडी कढई १ किलो ८४० ग्रॅम. विसरायला नको म्हणून बुडाला ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं. सासूबाईंनी डाग समजून चिंच लावून घासून काढलं.