सिल्व्हरचेअर: ‘डायोरामा’ ऐकल्याशिवाय निकाल नको

सिल्व्हरचेअर या ऑस्ट्रेलियन रॉक बँडला काही जण निर्वाना या अमेरिकन ग्रंज (खरखरीत, जड गिटारचा रॉक) बँडची नक्कल म्हणून निकालात काढतात, ते मला अजिबात पटत नाही. ‘फ्रॉगस्टॉम्प’ या पहिल्या अल्बमपुरतं (१९९५) एक वेळ मान्य, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलची ती तीन पोरं तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. पण २००२ चा ‘डायोरामा’ हा अल्बम ऐकाच! बँडचा गायक-गिटारवादक डॅनियल जॉन्स पियानोवर गाणी रचायला लागला होता, आणि काही गाण्यांत वाद्यवृंदाची बांधणी केली अमेरिकन संगीतकार व्हॅन डाइक पार्क्सनं. ‘अक्रॉस द नाइट’मध्ये तंतुवाद्यांच्या लाटेवर जॉन्सचा आवाज चढत जातो, तेव्हा ग्रंज कुठल्या कुठे मागे पडतं. नेमकं त्याच सुमारास त्याला संधिवातानं गाठलं, गिटार धरणंही कठीण झालं. फार हळहळ वाटते. तरी २००७ मध्ये ‘यंग मॉडर्न’ आला, तोही ऑस्ट्रेलियात थेट पहिल्या क्रमांकावर, आधीच्या चारही अल्बमसारखा. २०११ मध्ये बँड थांबला.